जाळीवरचं कुंकू

मी एकदा एका यंत्राला हळदीकुंकू लावून मुकं केलं. बाईमाणसाने संसारात कोणाकोणाला गप्प केलेलं असतं, नवऱ्याला, नणंदेला, वरच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना. पण यंत्राला गप्प करणारी आमच्या डोंबिवलीत मी पहिलीच असेन. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे पोरवयातली चूक म्हणून खपवायचीही सोय नाही.

यंदा खंडेनवमीला नातीने, रेवाने, चौरंगावर सगळी मांडामांड केली. मिक्सर, तिच्या बाबाचं ड्रिल मशीन, माझा चष्मा, आणि मधोमध तिचा लॅपटॉप, नवरदेवासारखा. झेंडूचा हार त्याच्यावर आडवा टाकलेला.

"आजी, लॅपटॉपला कुंकू लाव ना."

"त्याच्यासमोरच्या सुपारीला लावते."

"मिक्सरला तर डायरेक्ट लावलंस."

"मिक्सर श्वास घेत नाही."

"आणि लॅपटॉप घेतो?"

"त्याला खाली जाळी आहे. जाळी दिसली की माझा हात थांबतो, एवढं लक्षात ठेव."

"आजी, तू ना, कधी कधी काहीही बोलतेस," म्हणत ती गेली. मी सुपारीला कुंकू लावलं, बोट पदराला पुसलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

बाहेर ऑक्टोबर होता. लोक शरदाचं फार कौतुक करतात. चांदणं, कोजागरी, आटीव दूध. मानपाड्याकडे राहणाऱ्यांचा शरद वेगळा. पाऊस जातो, वारा पडतो, दुपारी डांबर मऊ होतं, आणि पावसाळाभर उडून जाणारा कारखान्यांचा वास संध्याकाळी खाली येऊन बसतो. ओळखीच्या पाहुण्यासारखा. एखाद्या दिवशी नासक्या अंड्यांचा, एखाद्या दिवशी जास्त पिकलेल्या केळ्यांचा, तर कधी असा, की नाव देता येत नाही पण डोळ्यांच्या कडा चुरचुरतात. मग एकेका खिडकीच्या काचा सरकल्याचे आवाज येतात. खर्र, खर्र, खर्र. आमच्या सोसायटीत दिवेलागणीला शुभंकरोति ऐकू येवो न येवो, हा आवाज येतोच. झेंडू, धूप आणि हा वास, तिन्ही एकत्र आले की माझ्यासाठी तो ऋतू सुरू होतो, आणि निर्मलाताई आठवतात.

निर्मलाताई आमच्या आमदार होत्या. एकदाच निवडून आल्या, एकदाच. त्यांच्याकडे मी गेले ती तक्रार घेऊन. शाळेच्या ऑफिसातून नुकती निवृत्त झालेली, अक्षर मोत्यासारखं, वेळ रिकामा आणि नाकात वास. तीन पानी तक्रार लिहून त्यांच्या संपर्क कार्यालयात नेऊन दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचताना चहा मागवला.

"कोनी लिवलाय ह्यो?"

"मीच."

"मंग तू तिकडं कसाला बसलीस? हिकडं ये."

अशी मी टेबलाच्या पलीकडची अलीकडे आले. ताई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. पण आमदारणीला वय नसतं, ती सगळ्यांची ताईच. मला त्या 'बाई' म्हणत आणि अगं-तुगं करत. त्यांच्या आगरी बोलीत तू सगळ्यांनाच, गावदेवीला तसाच मंत्र्यालाही, चुकून एकदा. सभागृहात त्या पुस्तकी मराठी बोलत, पण गाडीत बसल्या की चपला काढाव्या तशी ती काढून ठेवत. त्यांच्या बोलण्यात ळ नव्हता. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू, घाम आला तरी न ओघळणारं.

तेव्हाची मी कशी होते ते सांगते. केसांना मेंदी, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र, आणि ते साडीच्या रंगाला शोभेल अशा दोरीला अडकवलेलं. फोनवर सचिव बोलत असले की मी उभी राहून बोलायची. भाजीवालीला 'आमचं विधेयक' म्हणून सांगायची. तिने एकदा विचारलं, "किलोला काय भाव?" तरी मला कळलं नाही की ती थट्टा करतेय. ती ओळखपत्रवाली बाई, म्हणजे तेव्हाची मीच, आज रस्त्यात भेटली असती तर मी ओळख दिली नसती.

आमचं विधेयक म्हणजे ताईंचं. सरकारचं नव्हे, एकट्या सदस्याने आपल्या जबाबदारीवर मांडायचं. त्याचं सरकारी नाव दोन ओळींचं होतं, त्यात 'नवकल्पना', 'तंत्रज्ञान' आणि 'प्रोत्साहन' असे जड शब्द मी निगुतीने बसवले होते. कार्यालयात सगळे त्याला 'वाफ्याचं बिल' म्हणत. त्याला कारण ताईंचे सासरे.

ताईंच्या सासरी मिठागर होतं. आता तिथे टॉवर आहेत. भाऊबंदांच्या घरांना संगमरवरी पायऱ्या आल्या आणि मीठ वाण्याकडून येतं. पण ताई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा मिठाचे वाफे होते, आणि खालच्या चिखलामुळे मीठ करडं निघायचं. त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं, की वाफ्याच्या तळाला काळा प्लास्टिकचा कागद घातला तर मीठ पांढरं निघतं. घरात ही गोष्ट काढली तेव्हा दीर हसले, जावा हसल्या. सासरे हसले नाहीत.

"ते बोलले, सगला आगर देनार नाय. एक वाफा घे," ताई सांगायच्या. "पयल्या वर्षी कागद फाटला गो. मीठ पयल्यापेक्षा काला. मी रडले. सासरा बोलला, रडतेस कसाला, वाफा अजून तुजाच हाय."

दुसऱ्या वर्षी मीठ पांढरं निघालं. पण ताई गोष्ट तिथे संपवत नसत. त्या 'वाफा अजून तुजाच हाय' इथे थांबत आणि समोरच्याकडे बघत. समोर उद्योग खात्याचा अधिकारी असो नाहीतर महाविद्यालयातली पोरं, तेवढं झालं की भाषण झालं.

विधेयकात तेवढंच मागितलं होतं. प्रत्येक महापालिकेने आपला एक प्रभाग वर्षभर नव्या यंत्रांना, नव्या युक्त्यांना करून बघायला द्यावा. बिघडलं तर एका प्रभागात बिघडेल, आणि बिघडलं म्हणून करणाऱ्याला हाकलून द्यायचं नाही. निविदेत मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागतात, ती अट अशांना नको. "काल जन्मलेल्या पोराकडं दाढीचा दाखला मागतान," ताई म्हणायच्या. मी ते 'पूर्वानुभवाची अट शिथिल करणे' असं लिहायची आणि स्वतःवर खूश व्हायची.

लोकांना ते पटत होतं असं नाही. पक्षाचेच कार्यकर्ते दारात उभे राहून म्हणायचे, "ताई, पहिले गटार बघा. टेक्नॉलॉजी-फिक्नॉलॉजी नंतर."

"गटार पन बगते रे. नाक धरून बगते. नाक कधी धरायचा ता कोन सांगनार, ती टेक्नॉलॉजी."

हे सांगणारी पेटी सिद्धार्थने केली होती. सिद्धार्थ आंबिवलीचा, चाळीतला, इंजिनिअर. त्याच्या आईला दमा. पहाटे हवा जड झाली की ती खोकत उठायची, आणि तोवर उशीर झालेला असायचा. आई उठायच्या आधी कोणीतरी उठवायला हवं, एवढ्यासाठी त्याने ही पेटी बनवायला घेतली आणि मग तिच्यासाठी ऐरोलीची नोकरी सोडली. पांढरी, शिवणाच्या डब्याएवढी, पुढे बारीक जाळी. जाळीतून ती हवा आत घेई आणि वाईट वायू आला की शिट्टी वाजवी. आधी तिचा आवाज टीं-टीं असा होता. ताईंनी तो बदलायला लावला.

"कुकरच्या शिट्टीसारका कर. बाई कितीबी झोपेत असू दे, कुकरला उठते."

त्या सप्टेंबरात ती पेटी आमच्या कार्यालयाच्या खिडकीत होती. पहिल्यांदा शिट्टी वाजली तेव्हा चहा करणाऱ्या मावशी आत धावल्या आणि शेगडी बंद करून आल्या. शेगडीवर काहीच नव्हतं. आम्ही पोट धरून हसत होतो, आणि दहाएक मिनिटांनी वास आला. मग कोणी हसलं नाही. सिद्धार्थ भिंतीला टेकून उभा होता. "बघितलं?" एवढंच म्हणाला.

ताईंनी खूप खेटे घालून एक गोष्ट मिळवली. ठाण्याला मंत्र्यांसमोर प्रात्यक्षिक. ते नीट झालं तर मानपाड्याच्या एका वसाहतीत वर्षभर पेट्या लावायला परवानगी. कायदा होईल तेव्हा होईल, त्याआधी एक वाफा. आणि त्या वाफ्याच्या जोरावर हिवाळी अधिवेशनात विधेयक. त्यांनी सगळं त्या एका दुपारवर लावलं होतं. सिद्धार्थनेही.

तो आठवडाभर पुण्याला काही भाग आणायला गेला आणि जाताना मला म्हणाला, "काकू, पेटी खिडकीतच असू दे हां. मी तिकडून डायरेक्ट ठाण्याला येतो, तुम्ही गाडीतून आणा. फक्त हात नका लावू तिला."

मी हात लावला नाही. बोट लावलं.

खंडेनवमी होती हो. कार्यालयाचा संगणक पुजला, छपाईचं यंत्र पुजलं, ताईंच्या गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि जिच्यावर आमचं सगळं अवलंबून, ती पेटी तशीच बोडकी बसवायची? मला ते अपशकुनी वाटलं. कोरडं कुंकू पांढऱ्या प्लास्टिकवर टिकेना, म्हणून हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि बरोबर मधोमध, जाळीवर, पाच बोटं ओढली. पुढे धूप घातला. भरपूर घातला. पेटीने एक शिट्टी मारली. मी हात जोडले. मला वाटलं, पावली.

बरं, तिथे थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. प्रात्यक्षिकाच्या सकाळी पेटी पिशवीत भरताना माझी नजर त्या लाल बोटांवर गेली, आणि ओळखपत्रवाल्या बाईला लाज वाटली. मंत्रालयातले लोक, इंग्रजीतून बोलणारे, काय म्हणतील? कुंकू कशाने निघतं हे कुठल्याही बाईला माहीत असतं. पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली असायचीच. कापसाच्या बोळ्यावर तेल घेतलं आणि जाळी पुसून लख्ख केली. दाबून दाबून, कोपऱ्याकोपऱ्यातून. पूजा केली श्रद्धेने आणि पुसली लाजेने. दोघींनी मिळून काम फत्ते केलं.

ठाण्याचं ते सभागृह मला अजून दिसतं. थंडगार, जांभळ्या खुर्च्या, टेबलावर बिसलेरीच्या बाटल्या आणि काजूच्या बश्या. सिद्धार्थ इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, पाठीवर घामाचा नकाशा. त्याने पेटी लावली, दिवा हिरवा झाला. मग अमोनियाची लहान बाटली पेटीसमोर धरून बूच काढलं.

शिट्टी नाही.

त्याने बाटली जवळ नेली. पहिल्या रांगेत मंत्र्यांनी रुमाल काढला. दुसऱ्या रांगेत कोणी खोकलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सभागृहातल्या एकूण एक नाकाला वास आला होता, फक्त ती पेटी हिरवा दिवा लावून निवांत बसली होती, कीर्तनात झोप लागलेल्या म्हाताऱ्यासारखी.

डोळे पुसत एक अधिकारी म्हणाले, "आम्हाला आला बुवा वास. यंत्राला सर्दी झाली असावी."

सगळे हसले. अगदी दिलखुलास. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि मला तेच आजही जास्त लागतं. पाच मिनिटांत तिथे चहा सुरू झाला.

सिद्धार्थने पाठ वळवून जाळीचे स्क्रू काढले. आत बोट फिरवलं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याच्यावर तांबूस, तेलकट काहीतरी होतं. त्याने ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कोडं सुटल्यासारखं होतं. मग त्याने बोट खिशातल्या रुमालाला पुसलं, जाळी परत बसवली आणि पुढे वळून म्हणाला, "सर, माझ्याकडून तपासायचं राहिलं. सॉरी."

मी उठायला हवं होतं. माझ्या पर्समध्ये तो कापसाचा बोळा कागदात गुंडाळलेला होता आणि मी पर्स दोन्ही हातांनी धरली होती, जणू कोणी हिसकावणार आहे. आयुष्यभर मी शाळेत पोरांना सांगत आले की खिडकी फोडली असेल तर हात वर करा. माझा हात पर्सवरून हलला नाही.

परतताना शीळफाट्याला गाडी अडकली. नेहमीचं. उन्हं उतरत होती, डंपरांची धूळ सोनेरी दिसत होती, आणि एक पोरगी भाजलेल्या शेंगांचे कोन विकत गाड्यांमधून फिरत होती. ताईंनी दोन कोन घेतले. एक मला दिला. मी खाल्ला नाही. खूप वेळाने त्यांनी माझा हात हातात घेतला, उचलून चेहऱ्याजवळ नेल्यासारखं केलं, आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, धीर देतायत. मी मनात म्हटलं, किती मोठं मन बाईचं, हिला काही माहीत नाही आणि हीच मला सांभाळतेय.

"शेंगा खा," त्या म्हणाल्या. "गार झाल्या का मातीसारक्या लागतान."

डिसेंबरात नागपूर. शुक्रवारी दुपारनंतर सदस्यांच्या स्वतःच्या विधेयकांची वेळ असते, आणि तेव्हा सभागृहात बाकं जास्त आणि माणसं कमी असतात. बरेच जण गावी जायच्या गाडीत बसलेले असतात. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. तिथे बोलायचं नाही, पुढे वाकायचं नाही, पायावर पायसुद्धा ठेवायचा नाही. ताई उभ्या राहिल्या. मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी हातात धरलं आणि वाचलं नाही. मिठागर सांगितलं. प्लास्टिकचा कागद सांगितला. पहिल्या वर्षीचं काळं मीठ सांगितलं. त्या दिवशी सभागृहात त्या पहिल्यांदाच त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, एकच वाक्य. "वाफा अजून तुजाच हाय, असा बोलनारा सरकार मना पायजे."

जे थोडे लोक होते त्यांनी बाकं वाजवली. मंत्री उत्तराला उठले. चांगलं बोलले. सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे, म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, की ठाण्यातलं प्रात्यक्षिक यशस्वी झालं नाही हे सन्माननीय सदस्यांनाही ठाऊक आहे, तेव्हा घाई नको, शासन सर्वंकष धोरण आणेल, त्यांनी विधेयक मागे घ्यावं.

प्रथा तशीच आहे. आश्वासन मिळालं की मागे घ्यायचं. घेतलं नाही तर मतदानात पडतं आणि वर कटुता. अध्यक्षांनी विचारलं, मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे का. अनुमती होती. सगळं मिळून एवढंसं. वर मी बसले होते, पावलं जोडून, हात मांडीवर. मंत्र्यांच्या उत्तरातलं ते एक वाक्य मी लिहिलं होतं, पाच बोटांनी, आणि तेलाने पक्कं केलं होतं.

सिद्धार्थ जानेवारीत पेटी न्यायला आला. मावशींनी चहा विचारला तर नको म्हणाला. "बंगलोरला चाललोय काकू. ऑफर आलेली, घेऊन टाकली." मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण मी विचारलं, "तिकडे थंडी असते का रे?" तो म्हणाला, "असते थोडी." पेटी काखेत मारून तो जिना उतरला. खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता. मी कित्येक दिवस तिथली धूळ पुसली नाही. चौकोन हळूहळू आपोआप भरला.

पुढच्या निवडणुकीला ताईंना तिकीट मिळालं नाही. "टेक्नॉलॉजीवाल्या बाई" असं त्यांना पक्षात म्हणायला लागले होते, आणि आपल्याकडे हे काही कौतुक नसतं. कार्यालयाच्या जागी आता मोमोजचं दुकान आहे.

आणि धोरण आलं. खोटं कशाला बोलू, सावकाश आलं पण आलं. त्यात वाफा हा शब्द नाही, ताईंचं नाव नाही. पण करून बघायला जागा द्यावी असं एक कलम आहे. मी ते भिंग लावून वाचलं आणि त्यातला 'पूर्वानुभवाची अट शिथिल' हा तुकडा मला माझ्या अक्षरातला वाटला. वाटला आपला. आमच्या गॅलरीसमोरच्या विजेच्या खांबावर आता एक करडी पेटी आहे, कुठल्याशा बाहेरच्या मोठ्या कंपनीची. वास यायच्या आधी ती वाजते. टीं-टीं अशी. रेवा म्हणते, "आजी, विंडो." मी खर्रकन काच ओढते. काम करते ती पेटी. चांगलं करते. तरी दरवेळी मी क्षणभर कुकरच्या शिट्टीची वाट बघते.

सिद्धार्थ दिवाळीला मेसेज पाठवतो, पणतीचं चित्र. ताई गेल्या त्या दिवाळीत मी त्याला उलट लिहिलं, की त्या दिवशीचं माझ्यामुळे झालं, बोलायला हवं होतं, बोलले नाही. दोन निळ्या खुणा आल्या. मग आलं, "काकू जाऊ दे ना. आई इथेच असते माझ्याकडे. हवा चांगली आहे." मी ते उत्तर अजून पुसलेलं नाही. क्षमा केली की विषय बंद केला, हे त्यातून कळत नाही, आणि त्याला पुन्हा विचारायचा मला काय अधिकार.

ताई कार्तिकात गेल्या. फुप्फुसं सुकत चालली होती. कशामुळे, तर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या ठाण्याच्या इस्पितळात होत्या, आणि मी जवळ पडावं म्हणून वर्तकनगरला मुलीकडे जाऊन राहिले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेले. रिक्षात बसून मी वाक्य घोकत होते. 'ताई, त्या पेटीचं एक सांगायचं राहिलंय.' पाचपाखाडीच्या सिग्नलला मी ते मोठ्याने म्हटलं असावं, कारण रिक्षावाला म्हणाला, "काय बोललात?" काही नाही, म्हटलं.

पलंगावर एक लहानशी बाई होती. एवढी लहान आमची ताई नव्हती. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क, त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकांची जाळी, आत श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती. पण मला धक्का बसला तो कपाळाचा. कोरं होतं. कुणीतरी अंग पुसताना कुंकू पुसलं असणार, आणि तिथे रुपयाएवढा गोरा गोल उरला होता, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला. खिडकीच्या कट्ट्यावरचा चौकोन मला आठवला.

"पेट्या लागल्या ना खांबावर?" मास्कच्या आतून त्यांनी विचारलं.

"लागल्या."

"आपल्या सिद्धूच्या?"

"नाही. बाहेरच्या कंपनीच्या."

"वाजतान ना?"

"वाजतात."

"मंग झाला."

घोकलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी पर्स उघडली. तीच पर्स नव्हे, पण हात तसेच. देवीच्या कुंकवाची पुडी आणली होती ती काढली, म्हटलं आधी कुंकू लावू, मग सांगू. बोट बुडवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नेलं. ते मास्कच्या अगदी जवळून गेलं. ताईंनी माझं मनगट धरलं. हाताला ताकद नव्हती, नुसता स्पर्श होता. डोळे मात्र गाडीत शेंगांचा कोन देताना होते तसेच. त्या म्हणाल्या,

"कपालाला लाव, बाई. जालीला नको. आन लागलाच, तर तेलाने पुसू नको."